अमेरिकेत सिटी बसने फिरणं कमीपणाचं का समजतात?

तुमचा प्रश्न असा: पुढच्या महिन्यात अमेरिकेत शिकायला जाताय, तिथले ओळखीचे म्हणतात की बसने फक्त गरीब आणि काळे लोक फिरतात, आल्याआल्या गाडी घे. हे खरं का, आणि बसच्या भरवशावर राहता येईल का?

सांगणाऱ्यांना आधी एवढंच विचारा: तुमच्या घराजवळची बस दर किती मिनिटांनी येते? बहुतेकांना सांगता येणार नाही. जो बसमध्ये चढलाच नाही, त्याचं बसबद्दलचं मत मी तरी मोजत नाही.

अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या प्रवाशांनी बसवर घातलेला ३८१ दिवसांचा बहिष्कार सगळ्यांना ठाऊक असतो. १९५६ संपता संपता तिथल्या बसमधल्या गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या जागा न्यायालयाच्या निकालाने गेल्या आणि गोष्ट तिथेच संपली असं लोक धरून चालतात. संपली कुठे? भेद आसनांवरून उठला आणि नकाशात, थांब्यांत, वेळापत्रकात जाऊन बसला. तिथे तो दिसत नाही, म्हणून जास्त टिकतो.

बफेलो शहराबाहेरच्या एका मोठ्या मॉलचं उदाहरण घ्या. लांबून खरेदीला येणाऱ्यांच्या खासगी बस आवारात येत. काळ्या वस्तीतून येणाऱ्या ६ नंबरच्या सिटी बसला मात्र आत मज्जाव होता. तिचा थांबा सात लेनच्या रस्त्यापलीकडे, आणि तिथे रस्ता ओलांडायची धड सोय नाही. डिसेंबर १९९५ मध्ये मॉलमध्ये कामाला जाणारी १७ वर्षांची काळी मुलगी तो रस्ता ओलांडताना ट्रकखाली आली आणि काही दिवसांनी गेली. त्यानंतर बसला आत जागा मिळाली. तिच्या मृत्यूबद्दलचा दावा १९९९ मध्ये साडेपंचवीस लाख डॉलरवर मिटला. ‘काळ्यांना बंदी’ अशी पाटी तिथे कुठेच नव्हती. थांबा कुठे ठेवायचा, एवढाच निर्णय होता.

यातून तुमच्या कामाचं एक सांगतो. खोली बघताना थांब्यापासून दारापर्यंत स्वतः चालून बघा, आणि तेही दोन्ही दिशांनी. जातानाचा थांबा बहुधा बरा असतो. परतीचा समोरच्या बाजूला असतो आणि फसगत तिथेच होते. फूटपाथ मध्येच संपतो, सिग्नल अर्धा किलोमीटर पुढे असतो, वर हिवाळ्यात बर्फ हटवणाऱ्या गाडीने ढकललेला बर्फ नेमका थांब्यावर साचतो.

अटलांटाची गोष्ट तीच, फक्त मतपेटीतून झालेली. १९७१ मध्ये बस-रेल्वेसाठी एक टक्का विक्रीकर द्यायला फुल्टन आणि डीकॅल्ब या काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या) तयार झाल्या, क्लेटन आणि ग्विनेट नाही. कॉबने तर १९६५ मध्येच अंग काढून घेतलं होतं. ‘मार्टा’ या तिथल्या बस-रेल्वे सेवेच्या नावाची अक्षरं फोडून काळ्यांवर केलेला विनोद तिथे वर्षानुवर्षे चालला, यावरून काय ते समजा. क्लेटनने पुढे स्वतःची छोटी बससेवा काढली, पैसे नाहीत म्हणून मार्च २०१० अखेर ती बंद केली आणि २०१४ मध्ये मार्टाला होकार दिला. तोवर तिथली वस्तीही पालटून बहुतांशी काळ्यांची झालेली होती.

आता माझा जुना वाद. बससेवेच्या धंद्यात प्रवाशांचे दोन कप्पे पाडतात: ‘कॅप्टिव्ह रायडर’, म्हणजे गाडी नसल्याने अडलेला, आणि ‘चॉइस रायडर’, म्हणजे गाडी असूनही येणारा. पहिला कुठे जातोय म्हणून त्याला तासभर उभं करायचं आणि दुसऱ्याला वाय-फाय, मऊ खुर्च्या, नवा रंग दाखवायचा. शुद्ध मूर्खपणा आहे हा. हिशेब साधा आहे: जाऊन-येऊन आणि शेवटच्या थांब्यावरची विश्रांती धरून ६० मिनिटांचा मार्ग असेल, तर एका बसने तासाला एक फेरी मिळते, चार बसनी दर पंधरा मिनिटांना. चार बस म्हणजे चार ड्रायव्हर, आणि खर्चाचा मोठा वाटा पगाराचाच. वाय-फाय त्यामानाने स्वस्त, म्हणून तेच घेतात. लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली बस प्रवाशांच्या संघटनेला याच वृत्तीविरुद्ध कोर्टात जावं लागलं: रेल्वेला पैसा, बसला भाडेवाढ. १९९६ च्या तडजोडीत ठरलं की गर्दीच्या वेळी ४० आसनांच्या बसमध्ये उभे प्रवासी सरासरी आठपर्यंत खाली आणायचे. उभं राहणाऱ्यांची संख्या कागदावर यायलाही दावा लागला!

तुमच्यापुरतं बोलायचं तर नकाशावरच्या रेषा मोजू नका, वेळापत्रक उघडा. दिवसभर पंधरा मिनिटांची बस असेल तर गाडीची घाई नको. अर्ध्या तासाची असेल तर क्लासच्या वेळा बघून ठरवा. तासाची असेल तर भरवसा सोडा. तिथे बस बदलायची असेल तर एक चुकली की पुढचा तास गेलाच. रविवारचं आणि रात्री नऊनंतरचं पान वेगळं बघा, बरेच मार्ग तेव्हा बंद असतात. रोख भाड्याच्या पेटीतून सुटे परत मिळत नाहीत. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर प्रवास मोफत आहे का ते आधी विचारा, पुष्कळ ठिकाणी असतो. सायकल असेल तर बसच्या पुढच्या रॅकवर चढते. जागा बहुधा दोन किंवा तीनच, भरली तर पुढच्या बसची वाट बघा.

एक मात्र कबूल करतो: सगळं वंशावर ढकलता येत नाही. ग्विनेट आता गोऱ्या बहुसंख्येची काउंटी राहिलेली नाही, तरी मार्च २०१९ मध्ये तिने पुन्हा नकारच दिला. कर नकोसा असतो, आणि घरं इतकी विखुरलेली की थांब्यापर्यंत चालणंच होत नाही. उलट न्यूयॉर्कमध्ये बसने फिरण्यात कुणाला काही वाटत नाही. तेव्हा शहर कोणतं ते तुम्ही लिहायला हवं होतं. त्यावाचून माझं उत्तरही अर्धंच आहे.