येऊरच्या जंगलात पट्टेरी वाघ परत आणता येईल का?

तुम्ही विचारलंय, ठाण्याच्या डोक्यावर एवढं जंगल आहे, बिबटे राहतातच, मग ताडोबातले वाघ इथे का सोडत नाहीत? मी वर्तकनगरला राहतो, गेली बावीस वर्षं दर रविवारी येऊर चढतो. इथे वाघ नकोच. माझं या रानावर प्रेम आहे म्हणूनच सांगतोय.

येऊर हा संजय गांधी उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. सगळं उद्यान धरून जेमतेम 104 चौरस किलोमीटर. पिल्लं घालणाऱ्या वीसेक वाघिणी टिकायच्या तर 800 ते 1000 चौरस किलोमीटर सलग, निवांत जंगल लागतं. इथे खाली घोडबंदर रोड, चहूकडे इमारती. बिबट्या कुत्र्यावर, डुकरावर भागवतो. वाघाला सांबर, गवा असं मोठं जनावर पोटभर लागतं.

वाघ परत आणणं कसं असतं ते बघायचं तर सह्याद्रीकडे बघा. कोयना आणि चांदोली मिळून 2010 साली व्याघ्र प्रकल्प झाला, 1165 चौरस किलोमीटरचा. पण वाघ तिथे ठरेना. मग अलीकडे नर आले, कोणी न आणता, आपल्या पायांनी. 2023 च्या डिसेंबरात एक कॅमेऱ्यात दिसला. वाघीण मात्र येईना. तरुण नर आईचं रान सोडून शेकडो किलोमीटर भटकतो. मादी शक्यतो आईच्या शेजारीच बस्तान मांडते. म्हणून नराची वाट मोकळी ठेवली तरी चालतं, मादी गाडीत घालूनच आणावी लागते. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबाची एक वाघीण चांदोलीत आणली, आधी कुंपणाच्या आत ठेवून रानाची सवय करून दिली, मग मोकळी सोडली. तिचं नाव तारा. त्याआधी चितळं सोडून खाणं वाढवायचं काम चालू होतंच.

मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलाची गोष्ट मला फार आवडते. 2009 मध्ये तिथे एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून वाघिणी आणल्या, पेंचहून नर आणला, तर पठ्ठ्या सरळ घराच्या दिशेने चालू लागला! महिनाभर माणसं त्याच्या मागावर. पकडून परत आणल्यावर वाघिणीचं मूत झाडांवर शिंपडलं, तेव्हा कुठे तो तिच्या मागे लागला. 2010 च्या एप्रिलमध्ये पिल्लं झाली.

सातकोसियात उलट झालं. ओडिशातल्या त्या जंगलात 2018 साली नर आणि मादी सोडली. नर फासकीत सापडून मेला. वाघिणीवर माणसं मारल्याचा आळ आला, गावं खवळली, तिला पिंजऱ्यात टाकावं लागलं आणि शेवटी मध्य प्रदेशात परत न्यावं लागलं. राजस्थानातल्या सरिस्कातही परत आणलेला पहिला नर 2010 मध्ये विष घालून मारला गेला. भोवतालची माणसं तयार नसतील तर कॉलर, कॅमेरे, डॉक्टर सगळं असून वाघ जगत नाही.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. माझे आजोबा पाटण तालुक्यातले, कोयनेच्या धरणाने उठलेले. पुढे अभयारण्यासाठीही गावं उठली. त्यांच्या नाचणी-वरीच्या शेतांवर आता गवत वाढलंय आणि गवे चरतात. ताराची बातमी वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि आधी आठवलं ते आजोबांचं घर. तिच्या रानासाठी ज्यांनी घरं सोडली त्यांना जमीन, सातबारा वेळेत मिळायलाच हवा.

येऊरच्या पाड्यात एका झाडाखाली शेंदूर फासलेला वाघोबा आहे. एका वाघबारशीला, म्हणजे वाघोबाच्या पूजेच्या दिवशी, नारळ फोडणाऱ्या आजीला विचारलं, हा बिबट्या की पट्टेरी? ती म्हणाली, "वाघ हाय, त्याला काय विचारायचं." मग खिरीचा द्रोण माझ्या हातात दिला.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर येऊरच्या बंगल्यांतल्या रात्रीच्या डीजेची तक्रार करा आणि उद्यानाच्या नागला भागापासून खाडीपलीकडच्या तुंगारेश्वर अभयारण्यापर्यंत जनावरांची वाट उघडी राहावी म्हणून बोलत राहा. आमच्या बिबट्यांना आज त्याचीच गरज आहे. आणि येऊरला याल तेव्हा अंधार पडायच्या आत खाली उतरा.