मशीन लागले, आता शाळा कोणती?

प्रश्न : माझी मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे. ती साडेतीन वर्षांची असताना तिचे कॉक्लिअर इम्प्लांट झाले, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात ऐकण्याचे मशीन बसवले. आता तिला सहा पूर्ण झाली आहेत. हाक मारली की ती वळून पाहते, छोटी वाक्ये बोलते. घरचे म्हणतात, ऐकू येते आहे तर इंग्रजी माध्यमात घाला. जवळच्या शाळेतील बाई म्हणतात, कर्णबधिरांच्याच शाळेत न्या. काय करावे?
— एक आई, संगमनेर

उत्तर : आपली मुलगी सहा वर्षांची असली, तरी तिच्या ऐकण्याचे वय मशीन सुरू झाले त्या दिवसापासून मोजायचे असते, म्हणजे ते जेमतेम अडीच वर्षांचे आहे. त्यामुळे माध्यमाबद्दल मला शंका नाही : घरात मराठी बोलली जात असेल, तर तूर्त शाळाही मराठीच असावी.

शाळेच्या निवडीबाबत 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आपल्या बाजूने आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला परिसरातील शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे; निवड बाईंनी करायची नाही. मी आधी परिसरातील शाळा निवडीन, पण शाळा भरलेली असताना त्या वर्गात अर्धा तास बसून पाहिल्यानंतरच. पत्र्याचे छप्पर, घरघरणारे पंखे आणि शेजारच्या वर्गातील पाढे यांतून बाईंचा आवाज निवडून काढणे मशीनला फार जड जाते. मुलीला पुढच्या बाकावर, मशीनचा कान बाईंकडे येईल असे बसवावे, आणि बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये.

रोज सकाळी बाईंनी तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी म्हणावेत आणि मुलीने ते परत म्हणून दाखवावेत. एखादा ध्वनी अचानक हुकू लागला, तर आधी बॅटरी व वायर तपासावी आणि तरीही फरक पडला नाही तर ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) मॅपिंग, म्हणजे मुलीच्या ऐकण्यानुसार केलेली मशीनची जुळणी, पाहायला सांगावे. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा अशा वेळी अनेकदा मशीनच्या वाट्याचा असतो.

शिक्षकांच्या सहसा ध्यानात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. ‘रमाने सीमाला पेन दिले’ या वाक्यातले रमा, सीमा, पेन हे शब्द मुलगी पकडते. पण ‘ने’ आणि ‘ला’ बोलताना इतके हलके व आखूड उच्चारले जातात, की ते निसटतात आणि कोणी कोणाला दिले हे तिला अंदाजाने ठरवावे लागते. ‘समजले का?’ असे विचारले तर ती मान डोलावणारच (ऐकू येणारी मुले तरी दुसरे काय करतात?). म्हणून ‘पेन कुणाकडून कुणाकडे गेले?’ असे विचारावे, चुकले तर तिलाच पेन देऊन तो प्रसंग करून घ्यावा, आणि मग ते वाक्य फळ्यावर लिहून दाखवावे. स्पीच थेरपी चालू ठेवून त्या आठवड्याचा पाठ थेरपिस्टकडे आधीच पोहोचवलात, तर हेच काम दोन्हीकडे होईल.

खुणा केल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती मनातून काढून टाकावी. आंघोळीला, झोपताना, बॅटरी संपल्यावर मशीन बंद असते आणि तेव्हा तिला ऐकू येत नाही; अशा वेळी खुणाच कामी येतात. वर्षभर नियमित थेरपी होऊनही भाषा पुढे सरकत नसेल, तर बोलणे आणि सांकेतिक भाषा दोन्ही शिकवणारी विशेष शाळा अवश्य पाहावी.