माझा काळा देशी कुत्रा मोबाईल समोर धरला की तोंड फिरवतो. त्याचा चांगला फोटो कसा काढावा?

तोंड फिरवतो तो हट्टाने नाही. कुत्र्यांमध्ये समोरून रोखून पाहणं म्हणजे दम भरणं, आणि मोबाईल डोळ्यापुढे धरून वाकत पुढे येणारा माणूस त्याला तसाच वाटतो. तोंड फिरवणं, ओठांवरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, सगळ्याचा अर्थ ‘मला हे नको’. त्यावर ‘बस, इकडे बघ’ असं ओरडलात तर फोटोत कान पाडलेला कुत्रा येणार.

आमच्या भागातल्या भटक्या पिल्लांना घर मिळावं म्हणून मी त्यांचे फोटो काढते. काळ्या पिल्लांचे फोटो खराब येतात आणि लोक पुढे सरकतात, म्हणून तुमचा प्रश्न जिव्हाळ्याचा.

पहिले काही दिवस फोटो काढूच नका. मोबाईल बाहेर काढा, त्याला दिसू द्या, लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या आणि मोबाईल परत खिशात. घरात चिकन चालत नसेल तर पनीर. (मनुके आणि चॉकलेट अजिबात नको, कुत्र्यांना विषारी असतात.) हळूहळू मोबाईल दिसला की तो स्वतःहून समोर येऊन बसेल. मग तुकडा लेन्सच्या अगदी वर धरा. बाजूला धरलात तर नजरही बाजूला जाते. फार वेळ धरून ठेवू नका, लाळ गळायला लागते.

मान तिरकी हवी असेल तर चूं-चूं वाजणारं खेळणं किंवा तोंडाने काढलेला विचित्र आवाज. पण हे दोन-तीनदाच चालतं, नंतर तो ढुंकून पाहत नाही. म्हणून जागा, उजेड, सगळं जुळल्यावरच आवाज काढा.

आता उजेड, कारण काळ्या कुत्र्याचं अर्धं काम तिथेच आहे. दुपारच्या उन्हात अंग चकाकतं आणि डोळे काळ्यात बुडतात. त्याला दाराच्या आत, उंबरठ्याजवळ बसवा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. तुम्ही दारातच, पण उजेड न अडवता थोडं एका बाजूला. डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसला की चेहरा जिवंत होतो. मागे उघडं आकाश नको, नाहीतर नुसती काळी आकृती उरेल. स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा म्हणजे मोबाईल उजेड चेहऱ्याप्रमाणे ठरवतो. फ्लॅश बंद. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे हिरवट पेटल्यासारखे येतात.

आणि खाली बसा, जमल्यास पालथं पडा. छायाचित्रकार एलियट अर्विट यांचा १९७४ सालचा न्यूयॉर्कमधला फोटो शोधून पाहा: टोपी घातलेला चिवावा जातीचा चिमुकला कुत्रा, शेजारी बाईचे बूट आणि एका थोराड कुत्र्याचे नुसते पुढचे पाय. कॅमेरा चिवावाच्या उंचीवर आहे म्हणूनच ती गंमत आहे.

अगदी नाकाशी मोबाईल नेलात तर नाक बटाट्याएवढं दिसतं. मागे सरकून थोडं झूम करा. सलग बरेच फोटो घ्या, चांगला तेवढा ठेवा, बाकीचे पुसून टाका.

दिवाळीला फेटा बांधायचा विचार असेल तर आधी नुसता रुमाल डोक्यावर ठेवून बघा. पंजाने ओढून काढला तर फेटा तुम्हीच बांधा आणि त्याला शेजारी बसवा.