धाकट्याला कॉम्प्युटर शिकवायचाय? आधी त्याचं बँक खातं वाचवा

प्रश्न : मी रत्नागिरीला मिरकरवाड्यात बोटीवर खलाशी आहे. शिक्षण नववी. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, बारावी कला शाखेतून पास. त्याला बोटीवर यायचं नाही, दिवसभर मोबाइलमध्ये असतो. एक क्लासवाले ३५ हजारांत डिजिटल मार्केटिंग शिकवून नोकरीची हमी देतो म्हणतात. मध्येच त्याला टेलिग्रामवर काम मिळालंय : बँक खातं कंपनीला वापरायला द्यायचं, महिन्याला पाच हजार. आधार आणि पासबुकाचे फोटो त्याने पाठवलेत. आता ते एटीएम कार्ड आणि सिम कुरिअरने मागतायत. हे काम बरोबर आहे का? क्लाससाठी कर्ज काढू का? बहीण दहावीत आहे, तिला मात्र आम्ही फोन देत नाही, उगाच भानगड नको.

उत्तर : भाऊ, कार्ड आणि सिम पाठवू देऊ नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

हे काम नाही. कुणाला तरी ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने, म्हणजे खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून, किंवा शेअरच्या खोट्या ॲपमध्ये गुंतवून लुबाडलेला पैसा ठेवायला यांना खाती लागतात, आणि ती स्वतःच्या नावाची चालत नाहीत. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात काही मिनिटांत फिरतो. तक्रार झाली की पोलीस खात्यावरच्या नावापर्यंत येतात आणि ते नाव तुमच्या भावाचं असतं. टेलिग्रामवरचा माणूस तोवर गायब. खातं गोठतं, चौकशी सुरू होते आणि ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर सुटका होत नाही. तुमच्या मालकाने नौकेचे कागद आणि किल्ली अनोळखी माणसाला दिली आणि कुठे नेतोस हेही विचारलं नाही, तर बंदरात त्याला काय म्हणतील? हे तसंच आहे.

उद्याच त्याला घेऊन शाखेत जा. आधार आणि पासबुकाचे फोटो अनोळखी माणसाकडे गेल्याचा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पिन बदला. आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर त्याच्या नावाने किती सिम चालू आहेत ते बघा, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. खात्यात परकी रक्कम आली असेल तर एक रुपयाही काढू नका, परत पाठवतो म्हणून कुणाला ट्रान्सफरही करू नका. बँकेला लेखी कळवा आणि स्वतःहून सायबर पोलिसांकडे जा. टेलिग्रामवरची चॅट डिलीट करू नका, तोच त्याच्या बाजूचा पुरावा आहे. पुढे कधी स्वतःचे पैसे गेले तर क्षणाचाही वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आणि त्याच्यावर ओरडू नका. पाच हजार घरात आणावेत म्हणून त्याने हे केलं. ओरडलात तर पुढची गोष्ट तो तुमच्यापासून लपवेल.

आता क्लास. कर्ज काढू नका. नोकरीची हमी देणाऱ्या क्लासची फी आधी भरायची आणि हमी नंतर बघायची, हा सौदा खलाशाच्या घराला परवडणारा नाही. रील बनवता येतं म्हणजे कॉम्प्युटर येतो असंही नाही. त्याची परीक्षा घरीच घ्या. तुमच्या बोटीचा एका महिन्याचा हिशेब वहीतून एक्सेलमध्ये उतरवायला सांगा : डिझेल, बर्फ, रेशन, लिलावाला आलेली रक्कम, तांडेलाचा (बोटीच्या प्रमुखाचा) वाटा, प्रत्येक खलाशाचा वाटा. बेरीज हाताने नाही, सूत्र लावून. फोनवर एक्सेलचं किंवा गुगल शीट्सचं ॲप फुकट मिळतं. एक आकडा बदलला की सगळे वाटे आपोआप बदलले पाहिजेत. यात त्याला गोडी वाटली तर पुढे जा, कंटाळला तर तेही कळलं.

गोडी वाटली तर आयटीआयचा ‘कोपा’ ट्रेड बघा. कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, एक वर्षाचा, दहावीच्या गुणांवर, प्रवेश ऑनलाइन. शासकीय आयटीआयची फी या ३५ हजारांच्या जवळपासही नसते. तोवर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा प्राथमिक कोर्स आणि मराठी टायपिंग सुरू करता येईल. मग टॅली, हिशेबाचं सॉफ्टवेअर. मच्छीमार सोसायट्यांचे हिशेब, डिझेल परताव्याचे अर्ज, नौकांची नोंदणी, परवान्यांचं नूतनीकरण, हे सगळं आता कॉम्प्युटरवरच होतं. बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर (समुद्रातून संदेशांची देवाणघेवाण करणारी यंत्रं) बसवायची केंद्राची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून सुरू झाली. त्यावरचे संदेश मोबाइलच्या ॲपवर येतात. बंदरातली भाषा कळणारा आणि हे कागद नीट भरणारा मुलगा किनाऱ्यावर हवा आहे. त्याला समुद्र नको असेल, पण समुद्राची माहिती त्याला आहेच, ती वाया का घालवायची?

शिकताना एक गोष्ट त्याला कुठलाही क्लास सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडायला मनाई आहे, तसा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच केलाय. ‘अलाउ’ दाबण्याआधी कोण काय मागतंय आणि कशाला, हे वाचायची सवय त्याला कोपाच्या सर्टिफिकेटइतकीच लागणार आहे. ती असती तर पासबुकाचा फोटो गेलाच नसता.

शेवटी बहीण. तुमच्या पत्रातली ही एकच ओळ मला सगळ्यात जास्त लागली. भानगड केली भावाने आणि फोन नाही बहिणीला! केरळमध्ये एका कॉलेजच्या मुलीने हॉस्टेलमधल्या संध्याकाळच्या मोबाइलबंदीला नकार दिला म्हणून तिला बाहेर काढलं होतं. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तुमच्या बहिणीपुरतं बोलायचं तर अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालाय. फॉर्म, पसंतीक्रम, ओटीपी, सगळं फोनवर. ते दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं तर तिचं कॉलेजही दुसरंच कुणी ठरवणार.

भीती खोटी नाही, हेही मान्य. म्हणून फोन देताना तिला एवढं सांगा : कुणी तिचा फोटो अश्लील करून टाकला तर तक्रारीनंतर दोन तासांत तो काढणं त्या कंपनीवर बंधनकारक आहे, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर नाव न देताही अशी तक्रार करता येते, आणि १०९८ वर मुलांना मदत मिळते. हे तिने घरात सांगितलं तर फोन काढून घेणार नाही, हा शब्द मात्र तुम्ही आणि आईने आधी द्यायला हवा. मुली गप्प राहतात त्या बहुतेक वेळा याच भीतीने.

बँकेची पोच मिळाली की कळवा. हिशेबाची ती एक्सेलची फाइल धाकट्याला स्वतःलाच पाठवायला सांगा, आणि कोपा की दुसरं काही, हेही त्यानेच लिहावं.