वाचकांचे प्रश्न : फवारणी, बाजार आणि बांध

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. निर्यातीचा माल तपासणी होऊन गेला. वेलीवर अजून चार टनांच्या आसपास माल आहे आणि तो एका व्यापाऱ्याने तीस रुपये किलोने ठरवला आहे. आठवड्याभरात तो माल उचलणार आहे. अशात साधारण पाव हिस्सा घडांत मिलीबग दिसू लागली. जे औषध सुचवले गेले आहे, त्याचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारल्यावर काढणीपर्यंत थांबायचे दिवस, आठवड्याहून बराच मोठा आहे. शेजारी म्हणतात, हा माल काही युरोपात जायचा नाही, इथे कोण तपासतो? घरच्यांसाठी विहिरीकडेच्या दोन ओळींवर शेवटच्या महिन्यात आम्ही काही मारत नाही. आमच्याकडे बरेच जण तसे करतात. सोसायटीचे कर्ज मार्चअखेर भरायचे आहे. फवारू की नको?

उत्तर : फवारू नका. आधी किडीचेच पाहू. मिलीबग घडात शिरली की देठाशी आणि मण्यांच्या बेचक्यात बसते. तिच्या अंगावर मेणचट पांढरे आवरण असते आणि अंडी कापसासारख्या पुंजक्यात झाकलेली असतात. मणी फुगून घट्ट झालेल्या घडाच्या आतपर्यंत ब्लोअरचा, म्हणजे फवारणी यंत्राचा, फवारा नीट पोहोचत नाही. त्यामुळे या टप्प्यावर वरवरची थोडी पिल्ले मरतील, किडीने घडावर सोडलेला गोड चिकटा आणि त्यावर वाढणारी काळी बुरशी तशीच राहील, व्यापारी तो घड तसाही बाजूला काढील, आणि ज्या तीन हिस्से मालाला काही झालेले नाही त्याच्यावर मात्र औषध बसलेले असेल. म्हणजे पैसे घालून चांगला माल बिघडवायचा, एवढेच हाती लागेल.

प्रतीक्षा काळ म्हणजे कंपनीने सावधगिरीसाठी छापलेली ओळ, असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे आणि तो काढून टाकला पाहिजे. फवारलेले औषध ऊन, वारा आणि वेलीच्या स्वतःच्या क्रियेने हळूहळू विघटित होते. ते ठरलेल्या कमाल अवशेष मर्यादेच्या खाली यायला जितके दिवस लागतात, त्यावरून हा काळ काढलेला असतो. ही मर्यादा फक्त परदेशासाठी आहे हेही खरे नाही. देशात विकल्या जाणाऱ्या फळांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मर्यादा ठरवून दिल्या आहेत आणि त्या सांगलीच्या बाजारालाही तितक्याच लागू आहेत. निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल आल्याशिवाय पेटी हलत नाही. स्थानिक मालाची तपासणी क्वचित होते. तपासणी होत नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही.

निर्यातीतली शिस्तसुद्धा आपण फुकट शिकलेलो नाही. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अवशेष सापडले आणि माल अडकला. काडीची वाढ रोखण्यासाठी वापरायचे ते औषध. काढणीच्या तोंडावर मारायचे नव्हे, तरीही त्याचे अंश फळात निघाले. त्या हंगामात ज्या बागायतदारांनी आपल्या समजुतीप्रमाणे काही चुकीचे केले नव्हते, तेही भरडले गेले. कोणते औषध, कोणत्या तारखेला, किती मारले याची नोंदवही निर्यातीच्या बागेत ठेवावी लागते. ती वही निर्यातीच्या अर्ध्या बागेपुरती उघडायची आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मिटायची, हे मला पटत नाही.

माल फवारून बेदाण्याला लावण्याचा विचार मनात आला असेल, तर तोही सोडा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. शेडमध्ये पाणी उडून जाते. औषध तेवढ्या प्रमाणात उडून जातेच असे नाही, आणि मग तेच कमी वजनात दाट होऊन बसते. बेदाणा तर लहान मुलांच्या हातावर ठेवायची वस्तू आहे.

आता तुमच्या पत्रातल्या विहिरीकडेच्या दोन ओळींविषयी. गेल्या हंगामात तुमच्याच भागातल्या एका बागेत मी अशा ओळी पाहिल्या. वेलींना लाल चिंधी बांधलेली होती, म्हणजे ब्लोअर चालवणाऱ्याला कळावे. घरातल्या माउलीने तिथला घड तोडून, न धुता, माझ्या हातात दिला, आणि शेजारच्या ओळीतला मी तोडायला गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘तो नको, तो बाजाराचा आहे.’ ती माणसे मनाने अतिशय चांगली होती आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून छळते. तुम्हाला औषधाचा धोका माहीत नाही असे नाही, तो तुम्ही चिंधी बांधून मान्य केलेला आहे. त्यामुळे ‘आम्हाला काय ठाऊक’ असे म्हणायची जागा तुमच्याकडे उरलेली नाही. शिवाय खाणाऱ्याच्या आधी हा माल हाताळणाऱ्या बायका आहेत. सकाळी सातला येऊन, हातमोजे नसताना, दिवसभर घड तोडून क्रेट भरणाऱ्या त्या बायका तुमच्याच वाडीतल्या असतील.

राहिला पैसा. पाव हिस्सा म्हणजे एक टन. तीस रुपयांनी तीस हजार. ही रक्कम लहान नाही आणि मार्चअखेर ती कुठून आणायची हे मला सांगता येणार नाही. हे तीस हजार सर्वस्वी तुमच्या माथी पडावेत हे न्याय्य आहे, असेही मी म्हणणार नाही. लांब, चकचकीत, डाग नसलेला मणी मागणारे गिऱ्हाईक, डागाला भाव पाडणारा व्यापारी आणि देशातल्या मालाच्या तपासणीवर पुरेसा खर्च न करणारी यंत्रणा, यांचाही त्यात वाटा आहे. पण फवारणीने हा भार त्यांच्यापैकी कोणाकडेच जात नाही, तो अनोळखी घरातल्या ताटात जातो.

या आठवड्यात करण्यासारखे एवढेच : स्वच्छ घड आधी तोडून घ्या, व्यापाऱ्याला दोन दिवस अलीकडे बोलवा, बाधित घड ओळीत न टाकता पिशवीत भरून बागेबाहेर नष्ट करा. खरे काम पुढे आहे. खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावर वेल छाटून झाली की, खोडाची सुटी साल काढा, कारण कीड तिथेच दडून राहते. मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण चिकट्यासाठी त्या मिलीबगला राखतात. आणि क्रिप्टोलेमस हे मिलीबग खाणारे मित्रभुंगेरे सोडायचे असतील तर त्यांना मारणारी औषधे त्या काळात टाळा.

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमची उताराच्या तळाची तीन एकर काळी जमीन आहे. वरच्या अंगाचे शेतकरी उसाला पाटाने भरपूर पाणी देतात. पाणीपट्टी एकरावर असल्याने ठिबकने त्यांचे काहीच वाचत नाही. आमच्या रानात पांढरे फुटले आहे, म्हणजे क्षार वर आले आहेत. यात त्यांचा दोष धरावा का, की आम्ही मुकाट्याने जिप्सम टाकावे?

उत्तर : दोष धरावा, पण भांडणासाठी नव्हे. भारी काळ्या जमिनीतून पाणी सावकाश निचरते. वरून येत राहिलेल्या पाण्याने तुमच्या रानातली भूजलपातळी चढते, ते पाणी उन्हाने वर ओढले जाऊन उडते आणि क्षार पृष्ठावर राहतात. वरच्यांचे जादा टनेज आणि तुमचे घटलेले टनेज हा एकाच पाण्याचा हिशेब आहे. एकरावर आकारणी असेपर्यंत पाणी राखणाऱ्याला बक्षीस नाही. पाणी वापर संस्थेला घनमापाने मोजून पाणी देण्याची तरतूद २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात आहे, तुमच्या योजनेत ती का उतरत नाही हे सभेत विचारा. पाणी सामाईक मानण्याची रीत आपल्या जिल्ह्याला परकी नाही. येरळा नदीवरचे बळीराजा धरण लोकांनी स्वतः उभे केले, तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान हिस्सा ठरवला होता.

जिप्सम माती तपासल्याशिवाय टाकू नका. ते चोपण जमिनीला, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीला उपयोगी पडते. नुसत्या क्षारांना निचरा हाच उपाय, आणि निचरा नसेल तर जिप्समचाही खर्च वाया जातो. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात विचारून घ्या. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकायचे झाले तर त्यांचे पाणी शेवटी ओढ्यात पडले पाहिजे, आणि ओढा बहुधा गाळाने तुमच्या पाइपपेक्षा उंच झालेला असतो. तेव्हा पाइपचा दर विचारण्याआधी, तळाच्या सगळ्या खातेदारांना घेऊन, पाऊस लागण्यापूर्वी ओढ्याची खोली मोजून या, आणि त्या दिवशी वरच्या अंगाच्या दोघांना तरी सोबत बोलवा.