कोयता, उचल आणि वेबर

प्रश्न : मॅडम, मी बीडच्या वडवणी तालुक्यातली. विद्यापीठात एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सिद्धांताचा पेपर डोक्यावरून जातो. 'परात्मता', 'आदर्श प्रारूप', 'सामाजिक तथ्य' हे शब्द पाठ होतात, अर्थ लागत नाही. आई-वडील ऊसतोडीला जातात. मी काय शिकते, हे त्यांनाही सांगता येत नाही. विषय बदलू का?

उत्तर : बदलू नकोस. गाइड मात्र महिनाभर पेटीच्या तळाशी टाक.

मीही तुझ्याच विद्यापीठात, लेण्यांच्या डोंगराखाली शिकले. सर सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. 'सामाजिक तथ्य व्यक्तीच्या बाहेर असते व व्यक्तीवर दडपण आणते' हे तोंडी परीक्षेत मी घडाघडा म्हटलं. परीक्षकांनी उदाहरण विचारलं, तर पंख्याकडे बघत बसले. आमच्या घरी विधवा आत्या होती. हळदी-कुंकवाच्या दिवशी ती आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायची, 'जा' असं कुणी म्हणायचं नाही. हे मला आठवलं कधी, तर गावी परतताना, पाचोडच्या पुढे, एस.टी.त!

तुझं उदाहरण तर घरातच आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. हा हिशोब तुझ्या वडिलांनी घातला नाही, टोळी जमवणाऱ्या एकट्या मुकादमानेही नाही. पण उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्यावरच ठरते, आणि न मानणाऱ्याला टोळीत जागा नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने 1895 साली सामाजिक तथ्य म्हटलं ते हेच. आधी कोयता, मग व्याख्या, असं वाच.

जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरकडे तर तुझ्या कामाची एक गोष्ट आहे. 1904-05 च्या त्याच्या प्रोटेस्टंट नीतीवरच्या लेखनात एक धान्याचं पीक कापणारा गडी येतो. मॉर्गन हे तिकडचं जमिनीचं माप, मार्क हे चलन. मॉर्गनला 1 मार्क दर होता, तेव्हा गडी दिवसाला अडीच मॉर्गन कापून अडीच मार्क मिळवायचा. मालकाने दर सव्वा मार्क केला, जास्त कापेल म्हणून. गड्याने दोनच मॉर्गन कापले, अडीच मार्क घेतले आणि घरी गेला. जास्तीत जास्त किती मिळेल, हा त्याचा हिशोबच नव्हता. रोजच्या इतकं मिळालं की झालं. वेबर याला परंपरावाद म्हणतो आणि भांडवलशाहीला आधी याच वृत्तीशी झगडावं लागलं असं सांगतो.

आता टनाचा दर वाढला तर तुझे वडील कमी ऊस तोडतील का? माझ्या मते त्यांना तशी मुभाच नाही. तो गडी संध्याकाळी मोकळा होता. इथे उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, खाडा पडला तर पैसे कापतात. मार्क्स म्हणतो, कामगार दोन अर्थांनी मोकळा असतो : श्रमशक्ती विकायला मोकळा, आणि विकायला दुसरं काहीच नाही म्हणूनही मोकळा. उचल घेतलेला माणूस पहिल्या अर्थाने मोकळा आहे का? इथे मार्क्सशी भांडता येतं. भांड. (परीक्षेत आधी व्याख्या लिही, मग भांड. मार्क जायला नकोत.)

भांडायचं कसं, ते बाबासाहेबांकडून शिक. 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा ते 25 वर्षांचे होते. तुझ्याहून फार मोठे नाहीत. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले हे जातीचे परदेशी अभ्यासक आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात. केतकरांचं मोल मान्य करतात, पण जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच सभासदत्व या दोन वेगळ्या खुणा नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे दाखवून देतात. निबंध लहान आहे, मराठीत मिळतो. दुसऱ्याच्या व्याख्येत नेमकं कुठे बोट घालायचं, एवढंच बघत दोनदा वाच. तुमच्या पेपरात तो नसेल तरी वाच.

घरी काय सांगायचं, हे राहिलंच. आई फडावर असेल तर रात्री कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, आल्यावर फोन कर आणि त्या पीक कापणाऱ्या गड्याची गोष्ट सांग. मॉर्गनच्या जागी एकर म्हण, चालेल. तो लवकर घरी गेला यावर ती काय म्हणते, ते तिच्याच शब्दांत वहीत उतरव आणि मलाही कळव.