वाचक विचारतात : कारवानसोबत न्यायला मास्ट कोणता घ्यावा?

प्रश्न : भाऊ नमस्कार. गाडीमागे ओढायची छोटी कारवान घेतलीय, पेंच, उमरेड, चिखलदरा असं फिरणं चालू असतं. हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आहे, ४० मीटर आणि २ मीटर (हे आकडे रेडिओ लहरींच्या लांबीचे) हे दोनच बँड वापरतो. एका दुकानात १२ मीटरचा ॲल्युमिनियमचा टेलिस्कोपिक मास्ट (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, अँटेना वर चढवायचा खांब) दाखवला, दिसायला भारी आहे. वेल्डिंगवाला म्हणतो काहून एवढे पैसे घालवता, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप आणा, मागच्या बंपरला वेल्ड मारून देतो. आणि घरून ताकीद आहे की छताला एकही भोक पडता कामा नये. काय करू? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : घरच्या ताकिदीपुढे कोणाचं चालतं जी, आणि इथे ती बरोबरच आहे. छताला पाडलेलं भोक सिलिकॉन लावून बंद केलं तरी मे महिन्याच्या उन्हात ते सिलिकॉन कधी ना कधी सुटतं, मग पावसाळ्यात पाणी आत शिरून प्लाय फुगतो आणि तुम्हाला कळतं तेव्हा अर्धं छत बदलायची वेळ आलेली असते. तेव्हा छत विसरा.

आता वेल्डिंगवाल्याचं. दीड इंची मीडियम जीआय पाईपची ६ मीटरची एक लांबी वीस किलोच्या वर भरते. ती तुम्ही एकट्यानं उभी करणार, ती पण कारवानच्या अगदी मागच्या टोकाला. तिथे कायमचं वजन वाढलं की पुढे हुकवरचा भार कमी होतो आणि हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, हे ट्रेलर ओढणाऱ्या कोणालाही विचारा. शिवाय बंपर म्हणजे बऱ्याचदा नुसता पत्रा असतो, चेसिस नव्हे. वारा आला की पाईप लिव्हर होऊन तोच पत्रा मुरगळतो. नाही म्हणा त्यांना, चहा पाजून म्हणा.

दुकानातला १२ मीटरचा मास्ट वाईट नाही, पण तुम्ही उंची आधी पाहिली आणि वर काय टांगायचं ते नंतर, तिथेच सगळे फसतात. ४० मीटर बँडचा साधा डायपोल धरा, म्हणजे मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागलं की पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झवर वीस मीटर, एका बाजूला दहा. हा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही अक्षरासारखा) करून मधोमध ९ मीटरवर टांगा, दोन्ही टोकं जमिनीपासून २ मीटरवर बांधा, तर टोकाटोकातलं अंतर १४ मीटरच्या आसपास येतं आणि वरचा कोन ९० अंशाला राहतो. कोन याहून कमी होऊ देऊ नका. टोकं डोक्याच्या वरच हवीत, प्रसारण चालू असताना तिथे व्होल्टेज चांगलंच असतं आणि कॅम्पवर पोरं धावत असतात. दुपारी नागपूरहून अमरावती, अकोला, नांदेड असं बोलायचं असेल तर ४० मीटर बँडवर सिग्नल सरळ वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून खाली यायला हवा, आणि त्यासाठी ८-९ मीटर उंची पुरते. आणखी वर गेल्यानं या कामात फार काही पदरात पडत नाही.

२ मीटर बँडचं गणित वेगळं, तिथे उंची कामाची. पण किती? रेडिओ क्षितिज (सिग्नल सरळ रेषेत पोचतो ते अंतर) किलोमीटरमध्ये काढायचं तर उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ नं गुणतात. ६ मीटरला दहा किलोमीटर आणि १२ मीटरला चौदा. दुप्पट मास्ट, दुप्पट कटकट आणि चार किलोमीटर जास्त. त्यापेक्षा कारवान टेकडीवर लावा. चिखलदरा ११०० मीटरच्या वर आहे आणि आपलं नागपूर ३१० च्या आसपास, ही उंची कोणत्या दुकानात विकत मिळणार? वरून आरजी-५८ ही पातळ अँटेना केबल १५ मीटर लांब सोडली तर १४५ मेगाहर्ट्झवर जवळपास निम्मी पॉवर केबलच खाते, ते आणखी वेगळं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ९-१० मीटरचा फायबरग्लासचा टेलिस्कोपिक पोल घ्या. जाड भिंतीचा घ्या, मासे पकडायच्या काठीसारखा लवचिक नको. फायबरग्लास वीज वाहत नाही त्यामुळे तारेचा अँटेना त्याला चिकटून गेला तरी बिघडत नाही, ॲल्युमिनियमला मात्र तार लांब ठेवावी लागते. कार्बन फायबरच्या मोहात पडू नका, ते वीज वाहतं. अगदी वरचे एकदोन बारीक तुकडे काढून ठेवा, त्यांच्यावर फीडपॉइंटचं (तारेला केबल जुळते त्या जोडाचं) आणि केबलचं वजन पेलत नाही. पोल निवडताना हीच बेरीज करा, की वरचे तुकडे वजा जाता ८-९ मीटर उरायला हवेत. घर्षणावर थांबणारे जोड केबलच्या वजनानं हळूहळू खाली बसतात, तिथे प्रत्येक जोडावर स्टीलची होज क्लिप लावा, आत सायकल ट्यूबची पट्टी घालून, आणि जेवढं हातानं आवळलं जाईल तेवढंच आवळा, नाहीतर नळीला चीर जाते. परत येताना जोड अडकला तर पिळत बसू नका. पोल उभा धरून खालचं टोक लाकडी फळीवर हलकं आपटा, सुटतो. दोनतीन उन्हाळे खाल्ले की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि बारीक काचेचे काटे हाताला लागतात, त्याआधीच एक हात रंग मारून ठेवा.

आता पाया, पैसे इथे घाला. चाकाखाली दाबायची प्लेट करून घ्या. इतवारीत लोहाओळीत ६ मिलीचा एमएस पत्रा मिळतो, त्याच्या एका टोकाला बिजागरीवर पाईपचा तुकडा वेल्ड करायचा, पोल त्या पाईपमध्ये बसतो. तुमच्या वेल्डिंगवाल्याला हे काम द्या, तोही खूश. प्लेट जमिनीवर ठेवायची, कारवानचं एक चाक तिच्यावर चढवायचं, झालं, त्या चाकावरचं सगळं वजन पायावर आणि कारवानला एकही भोक नाही. बिजागरी असल्यानं पोल आडवा ठेवूनच अँटेना बांधता येतो आणि मग उभा करता येतो. पोल कारवानच्या भिंतीला घट्ट आवळू नका, आत कोणी चाललं की कारवान स्प्रिंगवर हलते आणि सोबत पोलपण. हुकला एक लाल फडकं बांधून ठेवा, मास्ट उभा असताना गाडी पुढे काढणारे महाभाग कमी नाहीत.

ताण दोर तीन, १२० अंशांवर, पोलच्या साधारण दोन तृतीयांश उंचीवर बांधलेले, आणि खुंट्या पोलपासून निदान उंचीच्या निम्म्या अंतरावर. दोर पॉलिएस्टरचा घ्या, नायलॉन ताणला की लांबतो आणि ओला झाला की अजून. आपली काळी माती उन्हाळ्यात दगड होते आणि भेगा पडतात, पावसात लोणी होते, तेव्हा तंबूसोबत येणाऱ्या छोट्या खुंट्या इथे चालत नाहीत. १२ मिलीच्या सळईचे अडीच फुटी तुकडे कापून घ्या, एक टोक अणकुचीदार, आणि डोकं पोलच्या उलट दिशेला झुकेल असे तिरके ठोका.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ताशी ४० चा वारा ८० झाला की दाब चौपट. मे-जूनमध्ये आपल्याकडे सायंकाळी अचानक वावटळ उठून अवकाळी येतो, आभाळ भरून आलं की वाट पाहू नका, आधी केबल रेडिओतून काढा मग पोल खाली घ्या. एकदा गडगडायला लागलं की मात्र पोलला हात लावू नका, ओढणाऱ्या गाडीत जाऊन बसा. आणि विजेच्या तारा. शेताच्या कडेला ११ केव्हीची लाईन असतेच, मास्टच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडून उभं राहा, यात तडजोड नाही.

प्रश्न : आमच्या कारवानमध्ये फ्री डिश लावायचीय. त्यासाठी किती उंच मास्ट लागेल? (वर्धा रोड)

उत्तर : शून्य. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आहे, तुम्ही चार मीटर वर गेल्यानं त्याला काय फरक पडतो. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, नागपूरहून पाहिलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून ६० अंश वर. त्या दिशेला झाड नको, बस. जड तिपाईवर डिश जमिनीवरच ठेवा, हलली नाही म्हणजे झालं.

प्रश्न : शनिवार-रविवार खिंडसी तलावाजवळ कारवान लावून काम करतो, नेट रडतं. ६ मीटरचा मास्ट आणि सिग्नल बूस्टर घेऊ का? विकणारा म्हणतो सगळे वापरतात. (काटोल रोड)

उत्तर : बूस्टर नका घेऊ. मोबाइल सिग्नलचा बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे आणि आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क त्यानं बिघडू शकतं, मग सगळे वापरोत की कोणी. ६ मीटरचा पोल घ्या, वर सांगितलेलीच चाकाखालची प्लेट चालेल. पण वर अँटेना आणि खाली राउटर अशी जोडणी करू नका, १८०० मेगाहर्ट्झवर पातळ केबल दहा मीटरमध्येच बहुतेक सिग्नल गिळते, म्हणजे उंचीनं कमावलेलं केबलनं घालवलं. त्यापेक्षा सिम आतच बसणारा, बाहेर लावायचा ४जी राउटर मिळतो तो थेट पोलच्या टोकाला चढवा आणि खाली लॅन केबल आणा, वीजपण त्याच केबलमधून वर जाते. घ्यायच्या आधी फोन घेऊन कारवानच्या छताच्या उंचीएवढं वर चढून बघा, सेटिंगमध्ये आरएसआरपीचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. उणे ९० च्या आसपास असेल तर मास्टची गरजच नाही. उणे ११० च्या पुढे असेल तर आधी दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.